बेटावरचे मूळ जीव वाचवायला बाहेरून आलेल्यांना मारावं का? (जपानची मुंगसं आणि माझ्या लेकीचा प्रश्न)

उद्यानाशेजारी | शुक्रवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीला लागून राहतो. सोसायटीच्या मागच्या गवतात मुंगसाची एक जोडी आहे. ती दिसली की माझी नऊ वर्षांची लेक खिडकीतून ओरडते, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" माझ्या आईने शिकवलंय. तोंड दिसलं की त्या दिवशीचा पेपर सोपा, असा तिचा हिशोब.

परवा जेवताना मी तिला एक गोष्ट सांगायला घेतली. जपानच्या दक्षिणेला अमामी ओशिमा नावाचं बेट आहे. उपोष्ण कटिबंधातलं, दाट जंगलाचं. तिथे हाबू नावाचा विषारी साप असतो. त्याचा बंदोबस्त करायला १९७९ मध्ये साधारण ३० मुंगसं आणून सोडली. पण मुंगूस हिंडतं दिवसा आणि हाबू निघतो रात्री, त्यामुळे दोघांची गाठच पडेना. मुंगसांनी मग जे सोपं सापडलं ते खाल्लं. त्यात अमामीचा काळा ससा होता. हा ससा अख्ख्या जगात फक्त अमामी आणि शेजारच्या तोकुनोशिमा या दोन बेटांवर आहे. तिथे मुळात मांसाहारी सस्तन प्राणी नव्हतेच, त्यामुळे पळायचं कुणापासून हेच त्याला ठाऊक नाही. २००० च्या सुमाराला मुंगसं १०,००० च्या घरात गेली. मग सरकारने हजारो सापळे, माग काढणारी कुत्री, कॅमेरे असं सगळं लावून ३२,००० हून जास्त मुंगसं पकडून मारली. शेवटचं सापडलं २०१८ मध्ये. त्यानंतर सहा वर्षं वाट पाहून सप्टेंबर २०२४ मध्ये बेट मुंगूसमुक्त झाल्याचं जाहीर केलं. सशांची संख्या कित्येक पटींनी वाढली आहे.

मला वाटलं होतं लेक खूश होईल. तिने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाली, "पण आई, मुंगसाची काय चूक?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं? अशा राखीव बेटांबद्दल कुणाला माहिती असेल, कुणी जाऊन आलं असेल तर कृपया लिहा.

खाडीकाठी | शुक्रवार, रात्री १०:४०

चांगला विषय. आधी एक दुरुस्ती करतो, कारण लेक विचारेलच.

तुमच्या मागच्या गवतातलं ते राखाडी मुंगूस. जपानला गेलेली जात वेगळी, तिला छोटं भारतीय मुंगूस म्हणतात. अंगाने लहान, उत्तर भारतापासून बंगालपर्यंत आढळणारी. १९१० मध्ये गंगेच्या मुखाकडून काही मुंगसं ओकिनावाला नेली आणि पुढे ओकिनावाहून अमामीला. त्याच्याही आधी, १८७२ मध्ये, कलकत्त्याहून ९ मुंगसं जमैकाला गेली होती, उसातले उंदीर मारायला. तिथे त्यांचा वंश वाढला आणि १८८३ मध्ये ७२ मुंगसं जमैकाहून हवाईला पोचली. तिथेही हाच घोळ: उंदीर रात्रीचे, मुंगूस दिवसाचं. मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी फस्त केली. हवाईचा नेने नावाचा हंस विसाव्या शतकाच्या मध्याला ३० च्या आसपास उरला होता. शिकार, मांजरं, मुंगसं, सगळ्यांनी मिळून ही वेळ आणली.

हवाईच्या चार सर्वांत मोठ्या बेटांत काउआई तेवढं मुंगसाच्या वसाहतीपासून वाचलं. म्हणून तिथल्या किलाउएआ पॉइंटच्या राखीव क्षेत्रात आज नेने लोकांच्या समोर गवत खात फिरतो. एक बेट चुकलं म्हणून एक पक्षी सावरला. माझ्यासाठी लेकीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

गिरगावचे_आप्पा | शुक्रवार, रात्री ११:०५

धागा वाचून चाळीतली गच्ची आठवली. आम्ही म्हणायचो ते अगदी हेच, "रामाची शपथ"सकट. आणि मुंगूस खरंच वळून बघायचं हो! (ओरडल्यावर कुणीही बघेल, असं आमची बहीण म्हणायची.)

खाडीकाठी, १८८३ वाचून चमकलो. त्याच वर्षी आपल्या मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू झाली. एकीकडे आठ माणसं गोळा होऊन प्राण्यांच्या नोंदी ठेवायच्या म्हणतात आणि त्याच वर्षी दुसरीकडे बोटीत भरून मुंगसं समुद्रापार.

अकरा_मांजरांची_माऊ | शनिवार, सकाळी ७:३०

मला हे पटत नाही. पटणारही नाही.

३२,००० जीव मारले आणि आपण त्याला "जपणूक" म्हणतो? मुंगसांनी तिकीट काढून जपान गाठलं नव्हतं. मी दादरला आमच्या गल्लीतल्या अकरा मांजरांचं करते. सगळ्यांची नसबंदी स्वतःच्या खर्चाने केली आहे, एकेकीला पिंजऱ्यात घ्यायला रात्र रात्र बसले आहे. वेळ लागतो, पैसे लागतात, पण संख्या आटोक्यात येते. हे बेटांवर का नाही करत? तुमची लेक बरोबर आहे.

निवृत्त_सारंग | शनिवार, सकाळी ९:१५

मी ३४ वर्षं जहाजावर काढली, सारंग (खलाशांचा मुकादम) म्हणून उतरलो. बेटांवर फार उतरायला मिळालं नाही, बंदरं मात्र खूप पाहिली. त्या बाजूने लिहितो.

जहाज धक्क्याला लागलं की दोर बांधायचे आणि दोर ताणून झाले की पहिलं काम म्हणजे प्रत्येक दोरावर पत्र्याची गोल ताटली चढवायची. तिला आम्ही रॅटगार्डच म्हणायचो. दोरावरून उंदीर चढू नये आणि उतरूही नये यासाठी. नवीन पोरं कंटाळा करायची, ताटली वाकडी लावायची. माझा पहिला सारंग दाभोळचा होता, तो स्वतः जाऊन प्रत्येक ताटली हाताने हलवून बघायचा. म्हणायचा, उंदीर एकदा उतरला की परत बोलावता येत नाही.

त्या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी लॉर्ड हाऊ बेटाची हकीकत वाचली तेव्हा कळला. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला जेमतेम १० किलोमीटर लांबीचं बेट. १९१८ मध्ये मकांबो नावाची आगबोट तिथे खडकावर चढली. माणसं वाचवायला, माल उतरवायला काही दिवस गेले. तेवढ्यात बोटीतले काळे उंदीर किनाऱ्याला लागले. पुढच्या काही वर्षांतच बेटावरच्या पक्ष्यांच्या पाच जाती संपल्या. जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या जाती.

मांजरवाल्या ताई, तुमचं मन समजतं. पण जंगलात, कड्याकपारीत हजारो उंदीर असतात. त्यांना एकेक धरून नसबंदी कोण करणार? आणि ती करेपर्यंत तो उंदीर अंडी खायचा थांबत नाही.

सुळक्यावरचा | शनिवार, सकाळी १०:२०

सारंगकाका, लॉर्ड हाऊचं नाव काढलंत म्हणून लिहायला बसलो. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे.

त्या बेटावर एक काडीकिडा होता. १५ सेंटिमीटरपर्यंत लांब, काळा चकचकीत, जाडजूड, पंख नसलेला. उंदीर आल्यावर काही वर्षांत तो दिसेनासा झाला आणि नामशेष म्हणून त्याची नोंद झाली. लॉर्ड हाऊपासून २३ किलोमीटरवर बॉल्स पिरॅमिड नावाचा एक सुळका आहे. समुद्रातून सरळ ५५० मीटर वर गेलेला नुसता कातळ. आपल्याकडे तैलबैला, लिंगाणा चढलेल्यांनी डोळ्यांपुढे आणावा, खाली फक्त पायथ्याऐवजी लाटा. तिथे चढणाऱ्यांना १९६० च्या दशकात या किड्याचे मेलेले अवशेष मिळाले होते, पण जिवंत कुणी पाहिला नव्हता.

२००१ मध्ये शोध घेणारं एक छोटं पथक तिथे गेलं. दिवसा त्यांना एका झुडपाखाली विष्ठा दिसली. किडा रात्री बाहेर पडतो, म्हणून दोघेजण अंधारात टॉर्च घेऊन पुन्हा वर चढले. एका झुडपाखाली २४ किडे. बस्स. जगात उरलेले सगळे त्या कपारीत. २००३ मध्ये परवानगी काढून दोन जोड्या खाली आणल्या. एक जोडी लगेच दगावली. दुसरी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात. त्यातली मादी आजारी पडली तेव्हा तिला थेंबाथेंबाने पाजून वाचवलं. आजचे सगळे पाळीव काडीकिडे बहुतेक तिचाच गोतावळा.

आता ते किडे घरी परतवायचे तर घरात उंदीर नकोत. म्हणून २०१९ मध्ये अख्ख्या बेटावर विषाची आमिषं टाकली. हा निर्णय सोपा नव्हता. बेटावर साडेतीनशेच्या आसपास माणसं राहतात. मतदान झालं तेव्हा बाजूने पडलेली मतं निम्म्याहून थोडीशीच जास्त होती. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला म्हणतात, इतकं.

अकरा_मांजरांची_माऊ | शनिवार, सकाळी ११:००

सुळक्यावरचा, गोष्ट सुंदर लिहिलीत, मादीला थेंब थेंब पाजल्याचं वाचून गलबलून आलं. पण विष म्हणजे काय ते मी पाहिलंय. विष खाल्लेला उंदीर आमच्या एका मांजराने खाल्ला होता. तीन दिवस लागले. ते विष दुसऱ्या पक्ष्यांनी खाल्लं नाही का?

खाडीकाठी | शनिवार, सकाळी ११:४५

रास्त प्रश्न. त्या विषाने रक्त गोठणं थांबतं. मरण वेदनेचंच असतं, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. आणि हो, दुसऱ्या जिवांनाही धोका असतोच.

म्हणून लॉर्ड हाऊवर वूडहेन नावाची न उडणारी पाणकोंबडी आधी पकडून ठेवली, दोनशेहून जास्त, आमिषं संपेपर्यंत. या पक्ष्याची कथा वेगळीच. १९७० च्या दशकात तो डोंगरमाथ्यावर जेमतेम २० ते ३० उरला होता. डुकरं आणि मांजरं हटवली, पिंजऱ्यात पिल्लं वाढवून सोडली, तेव्हा दोनशेच्या पलीकडे गेला आणि तिथेच बरीच वर्षं अडकून राहिला. उंदीर गेल्यावर काही वर्षांत हजाराच्या वर. २०२१ मध्ये दोन उंदीर पुन्हा दिसले होते, तेव्हा सगळं बेट पुन्हा कुत्री आणि सापळे घेऊन पालथं घातलं.

राखीव क्षेत्र म्हणजे पाटी लावून कुलूप घालायचं, असं मलाही पूर्वी वाटायचं. प्रत्यक्षात ती रोजची नोकरी आहे.

चहावाला_बाबू | शनिवार, दुपारी १२:१०

वाचतोय. चहा गार झाला.

गुहागरकर_मुलुंडात | शनिवार, दुपारी २:३०

प्राण्यांचं चाललंय, मी झाडांचं विचारतो. आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावर सुरूचं बन आहे. माझं बालपण त्या सावलीत गेलं. हल्ली कोकणात फिरणारी मंडळी सांगतात की सुरू आपला नव्हे, तो काढा. मला राग येतो.

गिरगावचे_आप्पा | शनिवार, दुपारी ३:००

आमच्या लग्नानंतरचा पहिला फोटो सुरूच्या बनातला आहे. त्याला हात लावाल तर खबरदार.

खारफुटी | शनिवार, दुपारी ४:४५

आप्पा, फोटोला कुणी हात लावत नाही, निश्चिंत असा. पण गुहागरकरांच्या प्रश्नाला बर्म्युडात उत्तर आहे.

बर्म्युडा अटलांटिकमधलं, ३२ अक्षांशावरचं. तिथे कॅहाउ नावाचा समुद्रपक्षी. रात्री बिळात येतो आणि असा विचित्र ओरडतो की स्पॅनिश खलाशी त्या बेटांना सैतानाची बेटं म्हणायचे. माणसं वस्तीला आली, त्यांच्यासोबत डुकरं, उंदीर, मांजरं आली. १६२० च्या दशकात पक्षी संपला असं सगळ्यांनी धरलं. तीनशे वर्षं कुणी पाहिला नाही. १९५१ मध्ये उघड्या खडकांच्या छोट्या टापूंवर थोड्या जोड्या सापडल्या. त्या शोधपथकात डेव्हिड विंगेट नावाचा १५ वर्षांचा शाळकरी मुलगा होता. पुढे तो मुलगा मोठा होऊन संवर्धन अधिकारी झाला आणि १९६२ पासून नॉनसच नावाच्या छोट्याशा बेटावर जाऊन राहिला.

आता झाडांचं. बर्म्युडात सीडरची जंगलं होती. १९४० च्या दशकात बाहेरून आलेल्या एका किडीने ती जवळजवळ सगळी वाळवली. उजाड टेकड्या झाकायला लोकांनी भराभरा वाढणारा सुरू लावला. वारा अडला, सावली झाली. पण सुरूच्या काड्यांचा थर पडला की खाली दुसरं फारसं उगवत नाही, आणि त्याची उथळ मुळं वादळात उपटतात तेव्हा किनाऱ्याचा कातळही फोडतात. विंगेटने नॉनसचवर उलट काम केलं. मूळची सीडर, मूळचे ताड, मूळची झुडपं, एकेक रोप हाताने लावलं. कॅहाउसाठी सिमेंटची बिळं बांधली आणि त्यांचं तोंड इतकं अरुंद ठेवलं की घुसखोरी करणारा त्याच्याहून मोठा समुद्रपक्षी आत शिरू शकत नाही. जुन्या टापूंवर वादळाचं पाणी चढू लागलं तसं २००४ पासून पिल्लं उचलून नॉनसचच्या बिळांत ठेवली, त्यांना हाताने मासे भरवले. पिल्लं समुद्रावर गेली आणि काही वर्षांनी त्याच बिळांकडे परतली. २००९ मध्ये नॉनसचवर चारशे वर्षांत पहिलं पिल्लू जन्मलं.

गुहागरकर, तुमच्या सुरूला आजच्या आज कुऱ्हाड लावा असं मी म्हणणार नाही. वारा अडवायला काहीतरी हवंच. पण मरतील त्या सुरूंच्या जागी उंडी, भेंड, केवडा लावून बघा. तेही आपलेच आहेत, आणि सावली देतात.

गुहागरकर_मुलुंडात | शनिवार, संध्याकाळी ५:१०

केवडा म्हणाल तर आजीच्या घरामागे होता. हे करून बघण्यासारखं आहे. भावाला फोन करतो.

पार्लेकर_आजी | शनिवार, संध्याकाळी ६:००

आम्ही दोघं लेकाकडे मॉरिशसला गेलो होतो. ते बेट तुमच्या उपोष्णच्या रेषेत बसतं की उष्णच्या, ते तुम्ही ठरवा. आम्हाला दमट लागलं, दादरसारखं. तिथे आपली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या आहेत. कोकणातून बोटीने गेलेल्यांची पणतवंडं. गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, आणि मोदक चांगले होतात (नारळ बरा, गूळ वेगळा).

लेकाने आम्हाला इल ओ ऐग्रेत नावाच्या छोट्या बेटावर नेलं. २६ हेक्टरचं, किनाऱ्यापासून बोटीने थोडंसंच. १९६५ पासून राखीव. तिथे मी गुलाबी कबूतर पाहिलं. गुलाबी म्हणजे आपल्या फिक्या लुगड्यासारखं. १९९० च्या आसपास रानात दहाएक उरली होती ती! आणि मोठमोठी कासवं सुटी फिरत होती. मी विचारलं ही इथलीच का, तर वाटाड्या म्हणाला, नाही, इथली माणसांनी खाऊन संपवली, ही अल्दाब्रा बेटांवरून आणलेली. आबनूसाची फळं ती खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया रुजतात. जुन्या कासवांचं काम नव्या कासवांनी धरलंय. म्हणजे बाहेरचं सगळंच वाईट नसतं, ताई.

लेकाला मी विचारलं, आपला राघू इथे कसा? पोपट ओरडत होता, अगदी आपल्या पिंपळावरचा. तो १९ व्या शतकात इकडून नेलेला. मॉरिशसचा स्वतःचा पोपट वेगळा, गळ्याभोवती तसाच गोफ, पण अंगाने भरलेला. तो १९८० च्या दशकात मूठभर उरला होता. आपला राघू त्याच्या ढोल्या बळकावतो.

चहावाला_बाबू | शनिवार, संध्याकाळी ६:२०

म्हणजे मुंगूस आपलं, राघू आपला, साळुंकीही गेलीय म्हणे सगळीकडे. भारताची निर्यात जोरात आहे!

खाडीकाठी | शनिवार, संध्याकाळी ६:३५

बाबू, कावळा राहिला. झांझिबारला आपला कावळा १९ व्या शतकाच्या शेवटी कचरा साफ करायला नेला होता. तिथून पूर्व आफ्रिकेचा किनारा त्याने व्यापला.

आजी, तुम्ही पाहिलेलं ते बेट २०२० मध्ये मोठ्या संकटात सापडलं होतं. जुलैमध्ये एक मोठं मालवाहू जहाज त्याच किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये तेल गळायला लागलं. लोकांनी उसाचा पाला पोत्यांत भरून तरंगते बांध केले, अगदी स्वतःचे केसही कापून दिले. आपल्याकडे २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं होतं. तेव्हा खारफुटीच्या बुंध्यांवर चढलेला काळा पट्टा मी स्वतः पाहिला आहे.

बाराबाराची_लोकल | शनिवार, रात्री ९:००

सगळं वाचलं. माहिती उत्तम. पण मला एक गोष्ट बोलायची आहे आणि ती मनापासून बोलतोय.

"मूळ", "बाहेरून आलेले", "उपरे", "घुसखोर". मुंबईत वाढलेल्या माणसाला हे शब्द ऐकले की पोटात गोळा येतो. माझे आजोबा गिरणीत आले तेव्हा तेही बाहेरूनच आले होते. पशुपक्ष्यांबद्दल बोलताना आपण हेच शब्द वापरले, तर उद्या कुणीतरी ते माणसांवर लावणार. लावलेही जातात.

खारफुटी | शनिवार, रात्री ९:४०

लोकल, तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे. मला सुचतं ते असं. माणूस कुठेही गेला तरी माणूसच, एकच जात. तो भाषा शिकतो, लग्नं करतो, शेजाऱ्याच्या घरी लाडू पाठवतो. उंदीर आणि काडीकिड्यात असं काही होऊ शकत नाही. एकाने दुसऱ्याला खाल्लं की ती जात जगातून जाते, दुसरीकडे कुठेच शिल्लक नसते. म्हणून बेटांच्या बाबतीत आम्ही "आलेलं" यावर आक्षेप घेत नाही. "त्याच्यामुळे कोण कायमचं संपतंय" एवढंच बघतो. आजींच्या कासवाला कुणी उपरं म्हणत नाही ते याचसाठी.

तरी "घुसखोर" मी वर वापरला आहे. यापुढे टाळेन.

संपादक | शनिवार, रात्री १०:०५

चर्चा चांगली चालली आहे. माणसांच्या राजकारणाकडे वळू नये ही विनंती. वरचे दोन्ही प्रतिसाद विषयाला धरून आहेत, राहू देत आहोत.

घोडबंदर_रोजचा | रविवार, सकाळी ८:१०

सगळी बेटं निर्मनुष्य नसतात हे लिहायला आलोय. फ्लोरिडाच्या टोकाला बेटांची माळ आहे, फ्लोरिडा कीज. बिग पाइन की नावाच्या बेटावर बुटकी हरणं आहेत, खांद्यापर्यंत जेमतेम ६५ ते ७५ सेंटिमीटर, आपल्या एखाद्या मोठ्या कुत्र्याएवढी. शिकारीमुळे १९५० च्या दशकात काही डझन उरली. १९५७ मध्ये त्यांच्यासाठी राखीव क्षेत्र झालं आणि संख्या शेकड्यांत गेली. पण बेटामधून हमरस्ता जातो. लोकांची घरं, दुकानं, सगळं तिथेच. हरणं मरतात ती मुख्यतः गाड्यांखाली.

२०१६ मध्ये तिथे आणखी संकट आलं. जखमेत अंडी घालणारी एक माशी पोचली, तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. १३५ हरणं गेली. उपाय बघा: किरणांनी वांझ केलेल्या कोट्यवधी माश्या सोडल्या. रानातल्या माद्यांचं मीलन वांझ नरांशी होतं आणि अंडी फळत नाहीत. काही महिन्यांत माशी गेली. माऊताई, ही एका अर्थी तुमचीच नसबंदी. जमते तिथे करतात.

मी रोज घोडबंदर रस्त्याने जातो. एकदा पहाटे रस्त्याच्या कडेला बिबट्या पडलेला पाहिला होता. अंगावर जखम दिसत नव्हती. त्या दिवसापासून त्या पट्ट्यात मी गाडी चाळीसच्या वर नेत नाही. मागचे हॉर्न मारतात. मारू देत.

अकरा_मांजरांची_माऊ | रविवार, सकाळी ८:४०

वांझ नरांचं माहीत नव्हतं. हे मला पटलं. धन्यवाद, आणि चाळीसबद्दलही.

विष मात्र अजून पटलेलं नाही.

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:१५

माऊताई, मीही तुमच्याच बाजूची होते. लेसनची गोष्ट वाचून डळमळले.

हवाईच्या वायव्येला दूर समुद्रात लेसन हे छोटं बेट. १९०३ च्या सुमाराला कुणीतरी मांसासाठी ससे सोडले. १९०९ मध्ये ते बेट कायद्याने पक्ष्यांसाठी राखीव झालं, पण ससे तसेच राहिले. सशांनी गवताचं पातं ठेवलं नाही. १९२३ मध्ये टॅनेजर नावाच्या जहाजातून लोक उरलेले ससे मारायला पोचले तेव्हा बेटाची वाळू झाली होती. तिथल्या एका छोट्या लाल पक्ष्याचे शेवटचे तीन त्यांनी पाहिले. वाळूचं वादळ आलं, त्यात ते गेले.

लेसनची न उडणारी पाणकोंबडी मिडवे बेटावर आधीच नेऊन ठेवली होती, तिथे ती सुखात होती. महायुद्धात मिडवेवर जहाजांतून उंदीर उतरले. १९४४ नंतर ती कोंबडी कुणाला दिसली नाही.

कागदावर राखीव होतं, हातात बंदूक किंवा सापळा घ्यायला कुणी धजलं नाही म्हणून पक्ष्यांच्या जाती कायमच्या गेल्या. न मारण्यालाही मरण लागलेलं असतं.

आता बरं वाटायला: त्याच मिडवेवर मोठे उंदीर १९९० च्या दशकात संपवले. विस्डम नावाची अल्बट्रॉस मादी तिथे घरटं करते. तिच्या पायात वाळा घातला १९५६ मध्ये, तेव्हाच ती निदान पाच वर्षांची होती. २०२४ च्या शेवटी तिने पुन्हा अंडं घातलं. म्हणजे बाई सत्तरीच्या पुढे आहेत.

पार्लेकर_आजी | रविवार, दुपारी १:३०

माझ्याहून मोठी. तिला नमस्कार सांगा.

निवृत्त_सारंग | रविवार, दुपारी ४:००

एक राहिलं. आपण इतकी लांबची बेटं फिरलो, पण बोरिवली स्वतःच बेटावर आहे. वसईची खाडी, ठाण्याची खाडी आणि समुद्र, यांच्या मधली साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. पूल इतके झालेत की विसर पडतो. त्या बेटाच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरचं जंगल, आणि पूर्वेच्या खाडीत २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य. आम्ही बोटीने आत यायचो तेव्हा खाडीच्या चिखलावर ही गुलाबी रांग दिसायची, नाव माहीत नव्हतं.

खाडीकाठी | रविवार, दुपारी ४:२०

काका, अगदी. आणि आपल्या जंगलातही घाणेरी, रानमोडी, सुबाभूळ ही बाहेरून आलेली झाडंझुडपं माजलेली आहेतच. घाणेरी उपटायला मी जातो कधीकधी. हाताला वास दोन दिवस राहतो. पावसाळ्यात वर्षभराचं काम पुन्हा हिरवं होऊन उभं असतं.

उद्यानाशेजारी | रविवार, रात्री ९:२०

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, मला भरून आलं. काल आणि आज लेकीला निवडक प्रतिसाद वाचून दाखवले. काडीकिड्याचा तीनदा.

तिला मी सांगितलं की मुंगसाची चूक नव्हती. चूक त्याला बोटीत भरणाऱ्यांची, आणि ती चूक निस्तरताना जीव मुंगसाचा गेला. ती म्हणाली, "मग सॉरी कुणी म्हटलं का?" हे मला माहीत नव्हतं. तिने स्वतःच एक चित्र काढलंय, काळा ससा आणि मुंगूस, मध्ये समुद्र.

आणखी एक. आमच्या सोसायटीत उंदीर वाढलेत. मागच्या भिंतीला विषाच्या गोळ्या टाकायचं समितीने ठरवलं होतं. माऊताईंच्या मांजराचं आणि खाडीकाठींचा विषावरचा प्रतिसाद वाचला आणि आज सकाळी बैठकीत उभी राहिले. तो उंदीर आमचं मुंगूस खाईल, उद्यानातलं घुबड खाईल. अर्धा तास वाद झाला. शेवटी कचऱ्याचे डबे झाकणाचे घ्यायचे, तळमजल्याची गटाराची जाळी बदलायची आणि गोळ्यांऐवजी पिंजरे, असं ठरलं. एक महिन्याची मुदत मिळाली आहे.

अकरा_मांजरांची_माऊ | रविवार, रात्री ९:३५

ताई, मिठी. पिंजरे कमी पडले तर माझ्याकडे चार आहेत, मांजरांचे आहेत पण जाळी बारीक आहे. दादरला येऊन घेऊन जा.

चहावाला_बाबू | रविवार, रात्री ९:४०

पिंजऱ्यात सापडलेले उंदीर सोडणार कुठे पण?

खाडीकाठी | रविवार, रात्री ९:४१

भिंतीपलीकडे उद्यानात नको! आधी तेवढं सांगून ठेवा.

उद्यानाशेजारी | रविवार, रात्री ९:५५

वॉचमनकाका तेच करणार होते. आत्ता खाली जाऊन सांगून आले.